दीड मीटरच्या पाण्यावर मळसूत्री टर्बाइन: खरंच जमतं का?

बांधावरचा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे. शेताला लागून एक जुना दगडी बंधारा आहे. माथा ३ मीटर रुंद, पाणी दीड मीटर खाली पडतं. वर्षातले बरेच महिने बऱ्यापैकी पाणी असतं, उन्हाळ्यात धार बारीक होते. आजवर त्या पाण्याचा उपयोग म्हणजे पाय बुडवून बसणे, एवढाच.

हल्ली आर्किमिडीजच्या स्क्रूवर चालणाऱ्या टर्बाइनबद्दल बरंच ऐकतोय. तिरप्या पन्हळीत भलामोठा स्क्रू ठेवायचा, वरून पाणी सोडायचं, तो सावकाश फिरतो आणि वीज तयार होते. एका विक्रेत्याचं पत्रक हाती आलं, त्यात माझ्यासारख्या जागेला '५ किलोवॅट, देखभाल शून्य' असं लिहिलंय. उलट एक इंजिनिअर मित्र म्हणतो, "दीड मीटरवर काय डोंबल होणार, नाद सोड."

दोघांपैकी कोण बरोबर? कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

आळशी_कासव

पहिला! वाचनखूण साठवली आहे. पॉवर सावकाश निर्माण करणारं यंत्र म्हणजे माझ्याच जातकुळीचं.

पाणसळ

बांधावरचा, अर्धीच माहिती दिलीत. उंची सांगितली, प्रवाह कुठाय? सगळा हिशोब एका ओळीत मावतो:

किलोवॅट = ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) × उंची (मीटर) × कार्यक्षमता

प्रवाह मोजायला तुमच्याकडे आयता बंधारा आहे. माथ्यावरून किती जाड थर वाहतो ते बघा. पण ऐन कडेवर मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली झुकलेलं असतं. थोडं मागे, पाणी सपाट असेल तिथे, माथ्याच्या पातळीपासून वर किती ते घ्या. मग प्रवाह = १.७ × रुंदी × थराचा दीडावा घात (थर मीटरमध्ये घ्या आणि त्याच्याच वर्गमुळाने गुणा). पातळ पत्र्याची धारदार कड असेल तर १.७ च्या जागी १.८४ घ्या. तुमचा दगडी रुंद माथा आहे, १.७ ठीक.

हा आकडा आल्याशिवाय तुमचा मित्रही अंदाजच मारतोय आणि विक्रेताही.

बांधावरचा

पाणसळ काका, लगेच जाऊन आलो. आत्ता १४ सेंटीमीटर आहे. पावसाळा संपून थोडे दिवस झालेत. ऐन उन्हाळ्यात दोन-चार बोटं असतं, मोजलेलं नाही.

पाणसळ

०.१४ चा दीडावा घात ०.०५२. गुणिले ३, गुणिले १.७, म्हणजे सेकंदाला सुमारे २६७ लिटर. दीड मीटरवरून पडताना त्यात ३.९ किलोवॅटची ताकद असते. ही पाण्याची ताकद, विजेची नव्हे. मोठ्या स्क्रूची स्वतःची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास जाते, पण लहान स्क्रू, गिअरबॉक्स, जनरेटर आणि तारा सगळं धरून ६५ टक्के हाती लागले तरी खूश व्हा. म्हणजे अडीच किलोवॅट.

पत्रकातल्या ५ किलोवॅटसाठी या उंचीवर या प्रवाहाच्या दुप्पट पाणी लागेल. विक्रेत्याने बहुधा पुराचं पाणी धरलंय, आणि पुरात काय होतं ते पुढे सांगतो.

पण तुमचा मित्रही चूक. अडीच किलोवॅट दिवसरात्र चालले तर रोजचे ६० युनिट होतात. 'काही होत नाही' म्हणण्याइतकं कमी नाही हे.

उन्हाचा_पाईक

एवढा खटाटोप कशाला? छपरावर पॅनल टाका, मोकळे व्हा. ना बेअरिंग, ना गाळ, ना मासे. या असल्या टर्बाइनचं सगळं आकर्षण 'बघा कसं फिरतंय' एवढंच आहे.

पाणसळ

पाईकराव, ३ किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात रोज १२ युनिटच्या आसपास देतात. इथे ६० चा हिशोब चाललाय, आणि तो रात्री पण. पाणी असेल तेव्हा पाणीच जिंकतं. नसेल तेव्हा तुम्ही जिंकता. भांडण नाहीच.

उन्हाचा_पाईक

भांडण आहे. ६० युनिट किती महिने ते सांगा की.

जिज्ञासा_क

एक बाळबोध प्रश्न. मोटारीने स्क्रू फिरवला की पाणी वर चढतं, हे समजतं. पण उलट्या दिशेने पाणी नुसतं घसरून का जात नाही? ते स्क्रूला ढकलतं म्हणजे नेमकं काय होतं?

पाणसळ

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, भल्याभल्यांचा गोंधळ होतो. बहुतेकांना वाटतं, पाणी वेगाने येऊन पात्यांवर आपटतं म्हणून स्क्रू फिरतो. तसं नाही. स्क्रू तिरका ठेवला की दोन पाती, मधली नळी आणि खालची पन्हळ यांच्यात पाण्याची एकेक ओंजळ अडकते. प्रत्येक पात्याच्या वरच्या अंगाला पाणी जास्त, खालच्या अंगाला कमी. दाबातल्या या फरकाने पातं रेटलं जातं. स्क्रू वळतो तशी ती ओंजळ एकेक पाऊल खाली उतरते आणि शेवटी खालच्या पाण्यात मोकळी होते. म्हणजे हे वजनावर चालणारं यंत्र आहे. वेग इथे कामाचा नाही, उलट पाणी आत शिरताना जितकं शांत तितकं बरं.

घसरणारं पाणी असतंच. पात्याची कड आणि पन्हळ यांच्यात फट ठेवावी लागते, नाहीतर घासेल. १ मीटर व्यासाला साडेचार मिलिमीटर ही रूढ फट, व्यास वाढला की त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. तिथून गळतं ते पाणी फुकट जातं. आणि आत गरजेपेक्षा जास्त पाणी सोडलंत तर ते मधल्या नळीवरून उडी मारून खालच्या ओंजळीत जातं, तेही फुकट.

फेऱ्यांचंही एक जुनं सूत्र आहे, मुइस्केनचं: ५० भागिले व्यासाचा दोन-तृतीयांश घात. १ मीटरला मिनिटाला ५० फेरे, २ मीटरला ३१. ही वरची मर्यादा, याहून जोरात फिरवलं तर पाणी घुसळलं जातं.

गंजका_बोल्ट

आता मी बोलतो, कारण माझी नोकरीच या स्क्रूंच्या सोबत गेली. फरक एवढाच की आमचे स्क्रू सांडपाणी वर चढवायचे. यंत्र तेच, दिशा उलटी. त्यामुळे 'देखभाल शून्य' वाचून बराच वेळ हसत होतो.

एक, खालचं बेअरिंग. ते कायम पाण्यात बुडालेलं असतं. ग्रीस आपोआप पोचवणारा पंप असो की सीलबंद बेअरिंग असो, या स्क्रूचं आयुष्य तिथे ठरतं. त्यात दोरी, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या जातात. बाहेरून काही कळत नाही, स्क्रू आपला मजेत फिरत असतो, आणि सीलमधून हळूहळू पाणी आत जात असतं. ते बदलायचं म्हणजे पाणी अडवा, खालचा खड्डा उपसा, स्क्रू उचला. त्यामुळे विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: खालचं बेअरिंग बदलायला स्क्रू पूर्ण काढावा लागतो का?

दोन, ऊन. हे पत्रकात कधीच नसतं. स्क्रू बंद असला आणि त्यावर ऊन पडलं की मधली लांब नळी वरच्या अंगाने तापते, खालचं अंग सावलीत गार. नळी कमानीसारखी वाकते. तशात चालू केला की पाती पन्हळीला खरवडतात. आम्ही वर आच्छादन टाकायचो आणि बंद स्क्रू मधूनमधून थोडा वळवून ठेवायचो.

तीन, पन्हळ. काँक्रीटची पन्हळ नेमक्या गोलाईत बनवायची कशी, याची युक्ती मला फार आवडते. स्क्रू आधी जागेवर बसवतात, त्याच्या पात्याला कडेने एक पट्टी बांधतात, ओला गिलावा टाकतात आणि स्क्रू हळूहळू फिरवतात. स्क्रू स्वतःच स्वतःची पन्हळ कोरून घेतो. मग पट्टी काढली की फट तयार. हल्ली लहान स्क्रू स्टीलच्या पन्हळीसकटच येतात, तिथे हा खेळ नाही.

एवढं सगळं असूनही सांगतो, दणकट यंत्र आहे. फेरे कमी असल्याने वाळूने पाती लवकर झिजत नाहीत. कितीतरी कचरा असाच पार होतो. याच्या जागी प्रोपेलर असता तर रोज जाळी साफ करत बसलो असतो.

आळशी_कासव

बोल्टदादा, उन्हात पडून राहिलं की वाकतो आणि मधूनमधून कूस बदलावी लागते... हे माझंच वर्णन आहे, मी आधीच म्हटलं होतं.

वेताळ_पंचविसावा

माझ्याकडे जबरी आयडिया आहे. दोन स्क्रू लावा. एक पाणी खाली आणताना वीज देईल, त्याच विजेवर दुसरा पाणी वर नेईल. बंधाराही नको, ओढाही नको. पेटंट माझं.

जुनी_वही

वेताळा, तुला ४०० वर्षं उशीर झाला. रॉबर्ट फ्लड नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १६१८ च्या सुमारास हेच मांडलं होतं: पाणचक्की स्क्रू फिरवणार, स्क्रू पाणी वर नेणार, तेच पाणी पाणचक्कीवर पडणार, वर दळणही होणार.

पाणसळ

खाली येताना ८० टक्के, वर जाताना ७० टक्के, गुणाकार ५६. पहिल्याच फेरीत ४४ टक्के पाणी गायब. दळण दूरच राहिलं.

जुनी_वही

इतिहास निघालाच आहे तर थोडं अवांतर. नाव आर्किमिडीजचं असलं तरी स्क्रू त्याच्याही आधीचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. स्टेफनी डॅली यांचं म्हणणं असं की, असिरियाचा राजा सेन्नाखेरिब याच्या शिलालेखात असेच ब्राँझचे ओतीव स्क्रू वर्णिले आहेत. म्हणजे आर्किमिडीजच्या सुमारे ४०० वर्षं आधी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसने मात्र स्क्रू बनवण्याची पूर्ण कृती लिहून ठेवली आहे: लाकडी खांबाभोवती ८ मळसूत्रं, विलोच्या पातळ फोकी डांबरात बुडवून थरावर थर. तिरकेपणा किती, तर ३-४-५ च्या त्रिकोणाचा, म्हणजे ३७ अंश.

गंमत अशी की पाणी चढवायला हे यंत्र दोन हजार वर्षं वापरलं, पण उलटं फिरवून ताकद काढायचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८१९ मध्ये फ्रेंच अभियंता नावियेने सुचवलं होतं. १९१६ मध्ये विल्यम मोर्शरने अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. तरी खरी यंत्रं उभी राहिली ती १९९० च्या दशकात जर्मन अभियंता राडलिकच्या पेटंटनंतर, मध्य युरोपात.

पाणसळ

वहीताई, ३७ अंश पाणी चढवायला चालून जातात. टर्बाइनला सहसा २२ ते ३० ठेवतात. जास्त उभा केला की स्क्रू आखूड आणि स्वस्त होतो, पण प्रत्येक ओंजळीत पाणी कमी मावतं. बांधावरचांच्या दीड मीटरला २२ अंशांत ४ मीटर लांबी लागेल, ३० अंशांत ३ मीटर.

दूरदेशी

प्रत्यक्ष पाहिलेल्याचा अनुभव लिहितो. इंग्लंडमधल्या न्यू मिल्स गावात गॉइट नदीवर २००८ पासून असा एक स्क्रू आहे. ६३ किलोवॅटचा, गावकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून उभा केलेला. त्याला लाडाने 'आर्ची' म्हणतात. जुन्या गिरणीचा बंधारा होता, तोच वापरला. पुढच्याच वर्षी सेटल गावात रिबल नदीवर ५० किलोवॅटचा झाला. विंडसर किल्ल्याला वीज देणारे दोन स्क्रू थेम्सवर रॉम्नीच्या बंधाऱ्याला आहेत. क्रॅगसाइडलाही १७ मीटर लांबीचा एक बसवला २०१४ मध्ये. हे तेच घर जिथे विल्यम आर्मस्ट्राँगने १८७८ मध्ये पाण्याच्या विजेवर दिवा लावला होता. मजा म्हणजे एवढं धूड जेमतेम १२ किलोवॅटचं आहे.

मला लक्षात राहिला तो आवाज. गिअरबॉक्सचा नव्हे, खालच्या टोकाचा. प्रत्येक ओंजळ सुटली की पाण्यावर थापटी मारल्यासारखा 'धप्' होतो. लयबद्ध. काठावर उभं राहिलं की सुरुवातीला छान वाटतं, पण घराच्या खिडकीखाली असेल तर विचार करावा.

पाणसळ

३ पात्यांचा स्क्रू ५० फेऱ्यांनी फिरला तर मिनिटाला १५० धप्. सेकंदाला अडीच. खालचं टोक झाकून घेतलं की बराच कमी होतो.

मासोळी

विक्रेते 'मासेस्नेही' म्हणून हे यंत्र खपवतात, त्यावर थोडं. दावा बराचसा खरा आहे. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ३-४ मीटरच्या आसपास असतो, ओंजळीतलं पाणी शांत असतं आणि दाब एकदम बदलत नाही. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये डार्ट नदीवर मासे सोडून तपासणी झाली, बहुतेक सुखरूप उतरले. धोका असतो तो वरच्या टोकाशी, पात्याच्या पुढच्या कडेला. म्हणून तिथे रबराची पट्टी लावतात. ती लावलेली आहे का, आणि झिजल्यावर बदलली जाते का, हे बघा.

पण 'मासे खाली सुखरूप जातात' याचा अर्थ 'मासे वर जाऊ शकतात' असा नाही. अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांसाठी वेगळी मत्स्यशिडी हवीच. आणि सगळंच्या सगळं पाणी स्क्रूकडे वळवलं तर बंधाऱ्याच्या पायथ्याशी कोरडं पडतं. थोडी धार माथ्यावरून कायम राहिली पाहिजे. बांधावरचा, तुमच्या उन्हाळी दोन-चार बोटांतून हे वजा करा.

उन्हाचा_पाईक

मी हेच म्हणत होतो.

मासोळी

नाही, तुम्ही पॅनल म्हणत होता.

चक्रधर_४०

सगळे स्क्रू स्क्रू करताय, पण साध्या पाणचाकाने काय घोडं मारलंय? अर्धा ते अडीच मीटरच्या उंचीला झुपिंगर पद्धतीचं (वाकड्या पात्यांचं) चाक ७० टक्क्यांच्या वर जातं. तेही वजनावरच चालतं. कमी पाण्यातही कार्यक्षमता टिकते. खालचं बेअरिंग पाण्यात बुडत नाही, दोन्ही बेअरिंगं बाहेर, डोळ्यांसमोर. बोल्ट यांची पहिली तक्रारच निकालात.

गंजका_बोल्ट

बेअरिंगवर १०० टक्के सहमत.

पाणसळ

चक्रधर, मुद्दा रास्त आहे आणि या जागेला चाक बसूही शकतं. अडचण फेऱ्यांची. तुमचं चाक मिनिटाला ५ ते १० फेरे घेणार. जनरेटरला १००० किंवा १५०० लागतात. म्हणजे गिअर दीडशे-दोनशे पट. स्क्रू ५० वर फिरतो, त्याला २० ते ३० पट पुरतात. ५० फेऱ्यांनासुद्धा साडेतीन किलोवॅटच्या शाफ्टवर साडेसहाशे न्यूटन-मीटरचा पीळ येतो. चाकाला त्याच्या पाच-दहापट. खरी किंमत त्या गिअरबॉक्सची असते.

चक्रधर_४०

तरी मी चाकच लावीन. लाकूड तुटलं तर सुतार येतो. स्क्रूचं पातं वाकलं तर कोण येणार?

ठिणगी_वेल्डिंग

मी येतो!

खरंच सांगतो, पातं बनवायला वाटतं तितकं अवघड नाही. मळसूत्राचा पृष्ठभाग सपाट पत्र्यातून तंतोतंत निघत नाही, ओढून ताणूनच बसवावा लागतो. पण कापायचं माप पक्कं काढता येतं. समजा बाहेरचा व्यास १ मीटर, मधली नळी अर्ध्या मीटरची (हे निम्मं प्रमाण बरोबर आहे, फार बारीक किंवा फार जाड नळी केली की ओंजळ लहान होते) आणि पिच, म्हणजे एका पूर्ण वेढ्यात पातं नळीच्या लांबीवर जितकं पुढे सरकतं ते अंतर, व्यासाइतका, १ मीटर.

नळीवरून एक पूर्ण वेढा घेणारी आतली कड = (३.१४ × ०.५) चा वर्ग अधिक १ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ = १.८६ मीटर. बाहेरची कड तशीच ३.३० मीटर. पात्याची रुंदी २५० मिमी. यातून सपाट चकतीची आतली त्रिज्या ३२५ मिमी आणि बाहेरची ५७५ मिमी येते. चकती कापली की तिच्यातून साधारण ३१ अंशांची फाक काढून टाकायची, उरलेल्या तुकड्याची दोन टोकं साखळीपुलीने विरुद्ध दिशांना ओढायची, आणि एक वेढा तयार. असे तुकडे नळीवर एकापुढे एक जोडत जायचे.

आधी पुठ्ठ्यावर करून बघा. आणि वेल्डिंग एका बाजूने सलग मारत सुटू नका, नळी ओढली जाऊन वाकते. थोडं इकडे, थोडं समोरच्या बाजूला असं करत जायचं. १ मीटरच्या स्क्रूला फट साडेचार मिमीची, म्हणजे नळी ५ मिमी वाकली तरी संपलं.

जिज्ञासा_क

ठिणगी, पुठ्ठ्याचं करून पाहिलं. फाक काढून ओढल्यावर खरंच नळीवर बसलं! मुलीला शाळेच्या प्रकल्पाला विषय मिळाला.

व्होल्टमीटर

विजेच्या बाजूचं कुणी बोललंच नाही, म्हणून.

ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला जोडणार असाल तर साधी इंडक्शन मोटार जनरेटर म्हणून चालते. ग्रिडच तिचा वेग धरून ठेवतं. १००० फेऱ्यांची मोटार थोडी जास्त वेगाने ढकलली की वीज द्यायला लागते. पण ग्रिड गेलं की त्याच क्षणी तिच्यावरचा भार नाहीसा होतो, आणि पाणी तर वरून येतंच आहे. स्क्रू सुसाट सुटतो. म्हणून वरचं दार वीज गेली की स्वतःच्या वजनाने बंद झालं पाहिजे. मोटारीने बंद होणारं दार घेऊ नका. वीज गेल्यावर मोटार कशावर चालणार? सोबत ब्रेकही हवा.

स्वतंत्र वापर असेल तर भार नियंत्रक लागतो. घरात वीज कमी वापरली जात असेल तेव्हा उरलेली तो पाणी तापवण्याच्या कॉइलमध्ये जिरवतो, म्हणजे जनरेटरवर भार कायम सारखा राहतो आणि वेगही. ती कॉइल पाण्याबाहेर राहिली की जळते, टाकी भरलेली ठेवा.

आळशी_कासव

म्हणजे फुकट गरम पाणी? मी माझा 'सावकाश' शब्द मागे घेतो, मला हे आत्ताच पाहिजे.

पाणसळ

वर पुराबद्दल सांगतो म्हणालो होतो. रुंद बंधाऱ्यावर पूर आला की वरची पातळी थोडीच वाढते, कारण पाणी माथाभर पसरतं. खालच्या अरुंद ओढ्यात मात्र तेच पाणी तुंबतं आणि पातळी झपाट्याने चढते. म्हणजे पाणी भरपूर, पण वर-खालचा फरकच उरत नाही. स्क्रूचं खालचं टोक बुडतं, घुसळण वाढते, वीज घटते. बांधावरचा, पुढच्या मोठ्या पावसात वरचीच नव्हे, खालचीही पातळी बघा. खुणेची पट्टी रंगवून ठेवा.

बांधावरचा

धागा वर काढतोय. मधे बरेच महिने गेले, पण पट्ट्या दोन्हीकडे लावल्या आणि जमेल तसं लिहून ठेवत गेलो.

उन्हाळ्यात माथ्यावर ३ सेंटीमीटर उरलं. तुमच्याच सूत्राने सेकंदाला २६ लिटर. मासोळीताईंची धार सोडली तर स्क्रूला काहीच नाही. पाणी १० सेंटीमीटरच्या वर टिकलं तो काळ साधारण अर्धं वर्ष. आणि मोठ्या पावसात वरचं पाणी जेमतेम ४० सेंटीमीटर वर आलं, पण खालचं मीटरभराहून जास्त चढलं. फरक उरला ७० सेंटीमीटर.

हे घेऊन विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी पट्टीचे आकडे बघितले आणि आता २ किलोवॅटचं नवं पत्रक देतायत. देखभालीची ओळ काढली आहे.

विचार असा आहे: अर्धं वर्ष स्क्रू, उरलेल्या काळात पॅनल. उन्हाळ्यात पाणी नसतं तेव्हा ऊन असतंच. पण स्क्रू केवढा घ्यावा, १४ सेंटीमीटरच्या हिशोबाने की १० च्या?

उन्हाचा_पाईक

पॅनल! शेवटी पॅनल! धाग्याचं सार्थक झालं.

चक्रधर_४०

चाकाचा विचार केलात का?

पाणसळ

१० च्या हिशोबाने घ्या. १० सेंटीमीटरला १६० लिटर येतात. मोठा स्क्रू घेतला तर तो पूर्ण भरेल ते दिवस मोजकेच, आणि खड्डा, पन्हळ, गिअर सगळंच मोठं. १६० लिटरचा घेतलात तर वीज दीड किलोवॅटच मिळेल, पण अर्धं वर्ष जवळजवळ सलग. १४ सेंटीमीटर असेल तेव्हा जास्तीचं पाणी आपलं माथ्यावरून जाईल, माशांनाही बरं. पाणी कमी झालं तरी काळजी नको, स्क्रू ठरलेल्या प्रवाहाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापर्यंत चालत राहतो. म्हणजे पाणी ५ सेंटीमीटरवर आलं तरी, माथ्यावरची धार सोडून, थोडीफार वीज मिळेल.

आणि खालचं टोक नेहमीच्या पाण्याच्या पातळीला जुळवा. पुरासाठी उंच बसवलात तर एरवी ओंजळी हवेत सुटतील आणि उंची वाया जाईल.

गंजका_बोल्ट

खालच्या बेअरिंगचं विचारलंत का त्यांना?

बांधावरचा

विचारलं. म्हणाले, स्क्रू न काढता बदलता येतं, चार बोल्ट खोलायचे. मी म्हटलं, आधी चालू असलेल्या जागी खोलून दाखवा. पुढच्या आठवड्यात नेणार आहेत. बोल्टदादा, येता का सोबत?

गंजका_बोल्ट

पाना घेऊन येतो. वार कळवा.